वहीत डोळ्यांचा रकाना नव्हता

माझा गाल एक्केचाळीस नंबरचा आहे. निदान एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता होता. नाक त्रेचाळीस, हनुवटी अडतीस. हे नंबर मी मनाने सांगत नाही. आमच्या कारखान्यात गुलाबीपासून लालापर्यंतच्या पन्नास छटांचं एक कार्ड आहे. एक नंबर म्हणजे जेमतेम गुलाबी, पन्नास म्हणजे लालभडक. ते कार्ड गालाला लावून, आरशात बघून, मी रोज माझा चेहरा मोजत होते. कुणी यायच्या आत मोजायचं, वहीत लिहायचं, कार्ड जागेवर ठेवायचं. शहाणी बाई असं काही करत नाही, हे मलाही कळतं.

आमच्याकडे कापड रंगवतात. खाली मोठ्या टाक्या, वाफ, ओल, आणि सगळ्यांवर ओरडणारे रंगमास्तर. वर माझी खोली. भिंती करड्या, खिडकी नाही, कारण बाहेरचा उजेड आत आला की रंग खोटं बोलतो. टेबलावर समोरून उघडी अशी दिव्यांची पेटी. एका बटणाने दिवसाचा उजेड, दुसऱ्याने दुकानाचा, तिसऱ्याने घरातल्या पिवळ्या दिव्याचा. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि मास्तरांनी रंगवलेला तुकडा मी पेटीत शेजारी शेजारी ठेवते, तिन्ही उजेडांत बघते आणि एकच शब्द बोलते. ‘पास’ किंवा ‘परत’. एकोणीस वर्षं हेच. माझ्या ‘परत’मुळे आपले केस पिकले, असं मास्तर सगळ्यांना सांगतात. ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पिकलेले आहेत, पण जाऊ दे.

सहा वर्षांपूर्वी चेहऱ्यावर लाली यायला लागली. आधी ती पाहुणीसारखी यायची आणि जायची. गरम चहा घेतला की, उन्हातून आले की, मास्तरांशी भांडले की. मग तिने मुक्कामच ठोकला. गालांवर बारीक लाल रेषा उमटल्या, नाकावर पुटकुळ्या. चेहरा नुसता लाल नव्हता, तो जळत होता. साधं पाणी मारलं तरी झोंबायचं.

लोकांना माझ्या चेहऱ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, वय झालं की असं होतं. मॅनेजरला वाटायचं मी सदा त्याच्यावर चिडलेली आहे. मी चिडकी आहेच, पण चोवीस तास नाही. भांडारातल्या कारकुनाने तर कमाल केली. मी सुताबद्दल विचारत होते आणि तो हळूच नाक पुढे करून माझ्या तोंडाचा वास घेत होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर आणखी लाल झाले असते, आणि त्याची खात्रीच पटली असती. माझा नवरा भला माणूस. तो म्हणाला, “मला तर काही दिसत नाही बुवा.” वीस वर्षं त्याला माझ्या चेहऱ्यावरचं काहीच दिसलेलं नाही, त्यामुळे याचं मी काही मनावर घेतलं नाही.

धावून आली ती नणंद. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत ती पार्लर चालवते. एक बिनलेबलाची पांढरी डबी माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, “वहिनी, हे लावा. आठ दिवसांत फरक नाही पडला तर माझं नाव बदला.”

पाचव्या दिवशीच चेहरा साफ झाला. मी तिच्या गळ्यात पडायची बाकी होते. आठ महिने ती डबी मी जिवापाड जपली. मग दिवसातून एकदा लावून भागेना, दोनदा लावायला लागले. मग तीनदा. एक दिवस जरी चुकला तरी चेहरा भाजल्यासारखा पेटायचा. शेवटी पदराने तोंड झाकून त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले.

ती वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान होती, पण बोलायला स्पष्ट. डबी उघडून तिने वास घेतला आणि सरळ कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

“यात स्टेरॉइड आहे. याने आधी झाकलं जातं आणि मग दुपटीने भडकतं. तुम्हाला मुळात रोझेशिया आहे.”

मला ते नाव एखाद्या कुंडीतल्या झाडासारखं वाटलं. मी म्हटलं, “जाईल कधी?”

“मुळासकट जात नाही. आवरता येतो.” तिने मलम लिहून दिलं, उन्हासाठी क्रीम लिहून दिलं, साबण बंद केला. “प्रत्येकाचा वेगवेगळ्या गोष्टींनी भडकतो. ऊन, वाफ, गरम पेय, तिखट, मनस्ताप. तुमचं काय ते तुम्हीच शोधायचं. एक वही करा. आणि ही डबी बंद केल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आणखी बिघडेल. घाबरून परत तिच्याकडे जाऊ नका.”

मग लिहिता लिहिता, मान वर न करता, तिने विचारलं, “डोळ्यांचं काय? खुपतात? सकाळी चिकटलेले असतात? हा आजार डोळ्यांतही उतरतो, म्हणून विचारते.”

मी म्हणाले, “नाही.”

खुपत होते. महिनाभर खुपत होते. सकाळी पापण्या ओल्या बोटाने सोडवाव्या लागायच्या, आणि दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. तरी मी नाही म्हणाले. का, ते सांगते. माझ्या आधी त्या करड्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनीच मला काम शिकवलं. त्यांनी एकदा भोळेपणाने मॅनेजरला सांगितलं की हल्ली जरा धूसर दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांना पॅकिंगला पाठवलं. निवृत्त होईपर्यंत ते खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. जेवणाच्या सुट्टीत वर येऊन दारातून दिव्यांच्या पेटीकडे बघत उभे राहायचे. आत कधी आले नाहीत. मला त्या दारात उभं राहायचं नव्हतं. डॉक्टरणीला सांगितलं असतं तर तिने चिठ्ठी लिहिली असती, चिठ्ठी ऑफिसात गेली असती, आणि आमची डोळ्यांची वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. डोळे माझे नव्हतेच. ते कारखान्याचे होते, चेहरा तेवढा माझा.

म्हणून मी वही केली ती चेहऱ्याची. रकाने आखले. वेळ, खाणं, पिणं, ऊन, वाफ, भांडण, गाल, नाक, हनुवटी. भांडणाचा रकाना कधी रिकामा राहिला नाही.

डबी सुटल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गाल सत्तेचाळीसवर गेला. चेहरा सुजला, त्यावर पू धरला. मी तोंडाला रुमाल बांधून कामावर जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत संडासात कडी लावून बसायचे. एकदा तिथे बसून खूप रडले. मग डोळे पुसले, वर जाऊन कार्ड लावून बघितलं आणि वहीत लिहिलं, ‘रडणे – अठ्ठेचाळीस.’ घरी नणंद माझ्या समोर यायचं टाळत होती. आली की मी बोलायचे. जे बोलू नये ते सगळं बोलायचे. “वन्सं, तुमच्या हाताला यश आहे हं,” असं म्हणायचे आणि चेहऱ्यावरचा रुमाल काढून दाखवायचे. ती खाली मान घालायची, आणि मला त्याने बरं वाटायचं. हेही खरं आहे.

महिन्याभराने आकडे उतरायला लागले. चव्वेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. मी चहा गार करून प्यायला शिकले. तिखट सोडलं. खाली टाक्यांपाशी जाणं बंद केलं, मास्तरांना तुकडा वर पाठवायला सांगितलं. वाफेत दहा मिनिटं गेली की तीन नंबर चढतात, गार फडकं ठेवलं की दोन उतरतात, हे मी तुम्हाला तोंडपाठ सांगू शकत होते. डॉक्टरणीने वही बघून तोंडात बोट घातलं. “अशी वही मी आजवर बघितली नाही,” ती म्हणाली. मी फुलून गेले. डोळ्यांचा रकाना त्यात नव्हता, हे तिच्या लक्षात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. तिला मी नाही म्हणून सांगितलं होतं.

डोळ्यांचं मी माझ्या पद्धतीने बघत होते. औषधाच्या दुकानात लाली घालवणारे थेंब मिळतात. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. नणंदेच्या डबीवरून मी इतकं तोंड टाकलं, आणि स्वतः पर्समध्ये हे घेऊन फिरत होते. आधी सकाळी दोन थेंब, मग दुपारी, मग दर तासाला. दिवे लावले की डावा डोळा पाण्याने भरायचा, म्हणून तो मिटून घ्यायचे आणि उजव्याने बघायचे. पण उजव्यालाही पाणी यायचं. मग डोळे बारीक करून, पटकन बघून, शब्द टाकायचा. पास. परत. पास.

आणि मग एका दुपारी मास्तर वर आले. स्वतः आले. हातात फिक्या निळ्या कापडाचा तुकडा. आत आल्यावर त्यांनी दार लावलं. एकोणीस वर्षांत त्यांनी ते दार फक्त आपटलं होतं.

“बाई, हे तुम्ही पास केलंत?”

“काल केलं. का?”

“हिरव्याकडे गेलंय.”

मला हसूच आलं. सगळं आयुष्य हा माणूस माझ्यासमोर ‘कुठे फरक आहे, दाखवा तरी’ म्हणून कपाळ बडवत आला. मी म्हटलं, “मास्तर, वाफेत राहून डोकं उकडलंय तुमचं. मी पास म्हटलं म्हणजे पास. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे.”

“पुन्हा बघा.”

मी तुकडा नमुन्याशेजारी ठेवला. दिवसाचा उजेड. सारखे. दुकानाचा उजेड. सारखे. पिवळा दिवा. सारखे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं.

“बाई, एकोणीस वर्षं तुम्ही मला परत पाठवलंत,” ते म्हणाले. “मी भांडलो, शिव्या घातल्या, पण खाली जाऊन बघितलं की दर वेळी तुमचंच बरोबर असायचं. म्हणून आलोय. नाहीतर मला काय पडलीय?”

“तुम्हाला दिसतंय?”

“मलाच काय, पोऱ्यालाही दिसेल. नीट बघा ना.”

मी डावा डोळा मिटला, नेहमीसारखा. सारखे. मग काय मनात आलं कोण जाणे, मी उजवा मिटला आणि नुसत्या डाव्याने बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

समोर पेटी नव्हतीच. न्हाणीघराच्या काचेवर वाफ धरावी तसं सगळं पांढुरकं, आणि दिव्याभोवती एक मोठं कडं. दोन तुकडे कुठे संपतात आणि टेबल कुठे सुरू होतं, तेही कळत नव्हतं. मी खुर्चीत बसले.

“मास्तर,” मी म्हणाले, “मला डाव्या डोळ्याने दिसत नाही.”

मास्तरांनी दिव्यांची पेटी बंद केली, तुकडा खिशात घातला. “माल मी पुन्हा टाकीत घेतो. टाकी बिघडली म्हणून लिहितो. तुम्ही आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा.”

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेड आत सोडला, आणि डावा डोळा पुन्हा पुन्हा तपासला. डॉक्टर पुन्हा तपासायला लागला की माणूस अर्धा मरतो.

“किती दिवस झाले?”

“चार महिने.” डॉक्टरसमोर मी डोळ्यांबद्दल बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

“पापण्यांच्या काठाला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तुमच्या चोंदल्यात. त्याने डोळा कोरडा पडला, आणि आता बुबुळाच्या कडेला जखम झालीय. रक्तवाहिन्या आत सरकायला लागल्यात. चेहऱ्याला जे झालंय तेच हे. तुम्हाला कुणी डोळ्यांचं विचारलं नाही?”

“विचारलं होतं.”

त्यांनी कागद पुढे ओढला. गोळ्या लिहून दिल्या, थेंब लिहून दिले, माझे थेंब काढून घेतले. जखम भरेल, म्हणाले, पण वण राहील की नाही आणि राहिला तर केवढा, ते तीन महिन्यांनी कळेल. “आणि रोज दोन वेळा पापण्यांवर गरम पाण्याचं फडकं. पाच मिनिटं. मग कडा हलक्या हाताने पुसायच्या.”

“गरम?” मी जवळजवळ ओरडलेच. “डॉक्टर, उष्णतेने माझा चेहरा भडकतो. दोन महिने जिवाचं रान करून मी तो खाली आणलाय.”

“सोसेल इतकंच गरम. थोडा लाल होईल, नंतर गार फडकं ठेवा.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला चेहरा हवाय की डोळा?”

बाईच्या तोंडावर हा प्रश्न फेकायला त्यांना काही वाटलं नाही. रस्ताभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. घरी पोचेपर्यंत त्या संपल्या, आणि मग काहीच उरलं नाही.

परीक्षा सोमवारी होती. ती अशी असते. चार लांब लाकडी पट्ट्या. प्रत्येकीत बटणाएवढ्या, चपट्या, रंगीत गोट्या. त्या विस्कटून देतात आणि छटांच्या क्रमाने लावायच्या. गोट्यांच्या खाली नंबर असतात, शेवटी उलटून तपासतात. एकोणीस वर्षं माझी एकही चूक नव्हती. आणि गंमत बघा, त्या पट्ट्या ठेवलेल्या पेटीची किल्ली माझ्याकडेच असते. माझ्यावर विश्वास म्हणून.

सोमवारी मी सहालाच गेले. पेटी उघडली, निळ्या-हिरव्याची पट्टी बाहेर काढली, पर्समधून ब्लेड काढलं. कडेला एक बारीकशी खाच. पाचव्या गोटीला एक, दहाव्या गोटीला दोन. बोटांना कळलं असतं, डोळ्यांची गरजच नव्हती. माझ्यानंतर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी पहिली गोटी हातात धरली. मला नोकरी हवी होती. ती खोली हवी होती. मला दुसरं काहीही येत नाही, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कुणी नवीन काय शिकवणार? ब्लेड टेकलंही होतं. आणि माझ्या कानात मास्तर म्हणत होते, दर वेळी तुमचंच बरोबर असायचं. खाच मारली असती तर त्यानंतरचा माझा प्रत्येक ‘पास’ खोटा. मग मास्तर पुन्हा पुन्हा दार लावून आत येणार, टाकी बिघडली म्हणून लिहिणार. किती वेळा? मी गोटी खाली ठेवली. ब्लेड कागदात गुंडाळलं. मग टेबलावर डोकं टेकून रडले, आणि किती नंबर झाला ते बघितलं नाही.

दहा वाजता मॅनेजर समोर बसला. मी चारही पट्ट्या लावल्या. त्याने एकेक गोटी उलटली. गुलाबी ते लाल या पट्टीत शून्य चुका. स्वतःच्या गालावर मी एवढी घोकली होती ती, चुकणार कशी? निळ्या-हिरव्यात अकरा. हिरव्या-पिवळ्यात आठ. जांभळ्यात सात.

“गेल्या वर्षी शून्य होतं,” तो म्हणाला. त्याला काहीतरी चूक झाली असावी असं वाटत होतं. त्याने पुन्हा एकदा मोजलं.

“बरोबर आहे ते,” मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. थेंब, डावा डोळा, निळं कापड. टाकी बिघडली नव्हती, हेही सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने पाणी मागवलं. मग म्हणाला की उद्यापासून पॅकिंग. तीन महिन्यांनी डॉक्टरांचा कागद आणा, पुन्हा परीक्षा घेऊ. “तेव्हाही असंच आलं तर...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. मी केलं, मनात.

आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावते. हाताला सवय झाली. जेवणाच्या सुट्टीत वर जात नाही. मास्तर एकदा सवयीने तुकडा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, “बाई, बघा जरा,” म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी तुकडा घडी करून खिशात घातला.

फडक्याचं काम नणंदेने अंगावर घेतलं. मी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी ती पार्लरची खुर्ची मागे कलती करून उभी राहिली, म्हणाली, “बसा वहिनी. गरम फडकी तेवढी मला येतात.” पहिलं फडकं इतकं गरम होतं की मी उठूनच बसले.

“वन्सं, डोळे शेकायचेत, उकडायचे नाहीत!”

तिने ते हवेत झटकलं, आपल्या मनगटाला लावून बघितलं, आणि पुन्हा ठेवलं. अंधार झाला. पाच मिनिटं खूप मोठी असतात. गाल तापायला लागले, मला कळत होतं, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. तो वण, ती तीन महिन्यांनंतरची परीक्षा, दारात उभे राहणारे ते म्हातारे गृहस्थ, सगळं त्या फडक्याखाली माझ्यासोबत होतं.

“चेहरा लाल होतोय हो,” नणंद घाबऱ्या आवाजात म्हणाली. “काढू का?”

“राहू दे. पाच होऊ देत.” मग मी म्हणाले, “माझ्या पर्समध्ये वही आहे. काढा. पेन घ्या.”

पानं उलटल्याचा आवाज आला. ती थांबली. तिने ‘रडणे – अठ्ठेचाळीस’ वाचलं असणार, कारण नाक ओढल्याचा आवाज आला.

“गालाचं लिहू?” तिने विचारलं. “ते कार्ड कुठंय तुमचं?”

“कार्ड नको. उजवीकडे एक नवीन रकाना आखा. वर लिहा, डोळे.”

“आखला. काय लिहू त्यात?”

तो प्रश्न मला डॉक्टरणीने आधीही विचारला होता. सरळ, साध्या शब्दांत, मान खाली घालून लिहिता लिहिता. फडक्याखाली डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते औषधाचं नव्हतं.

“लिहा,” मी म्हणाले. “खुपतात.”